विहीर कुणाच्या दारात? अमेरिकेतला शेल गॅस, पैसा आणि राजकारण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पेनसिल्व्हेनिया राज्यात, पिट्सबर्गच्या नैर्ऋत्येला वॉशिंग्टन काउंटी नावाच्या जिल्ह्यात आम्ही राहतो. (राजधानीचं वॉशिंग्टन नव्हे. पुण्याहून फोन आला की पहिली पाच मिनिटं हेच समजावण्यात जातात.) घरामागच्या टेकडीपलीकडे गॅसविहिरींचा एक पॅड, म्हणजे विहिरी खोदायला सपाट केलेला तळ, आहे. नवी विहीर सुरू करताना गॅस जाळतात, तेव्हा रात्री आभाळ केशरी होतं आणि स्वयंपाकघराच्या खिडकीची काच बारीक थरथरत राहते. मंडळाच्या गणपतीला कुणी नवीन भेटलं की तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवतो आहे.

एक खुलासा आधीच. इथे गॅसचीही विहीर असते आणि पाण्याचीही. घोळ नको म्हणून घरच्या पाण्याच्या विहिरीला मी खाली सगळीकडे बोअर म्हटलं आहे.

फ्रॅकिंग म्हणजे नेमकं काय करतात?

जमिनीखाली दीड-दोन किलोमीटरवर शेल नावाचा पापुद्र्यांचा काळा खडक आहे. आमच्याकडच्या थराचं नाव मार्सेलस. गॅस त्याच्या बारीक छिद्रांत कोंडलेला असतो, नुसतं भोक पाडून वर येत नाही. म्हणून आधी सरळ खाली आणि मग खडकातून आडवं, किलोमीटर-दोन किलोमीटर किंवा त्याहून लांब छिद्र पाडतात. त्यात पाणी, वाळू आणि रसायनं प्रचंड दाबाने सोडतात. खडकाला भेगा पडतात, वाळूचे कण त्या भेगा मिटू देत नाहीत आणि गॅस वर येतो.

एका विहिरीला दीड-दोन कोटी लिटर पाणी सहज लागतं, हल्लीच्या लांब विहिरींना आणखी जास्त. आपल्या दहा हजार लिटरच्या टँकरने मोजलं तर दीड-दोन हजार टँकर. गॅसबरोबर काही पाणी परत वर येतं. ते समुद्राच्या पाण्यापेक्षा कितीतरी खारट असतं आणि त्यात खडकातलं रेडियमही उतरलेलं असतं. त्या पाण्याचं करायचं काय, हा या धंद्याचा न संपणारा प्रश्न आहे.

या तंत्राचा जनक म्हणून टेक्सासच्या जॉर्ज मिचेल यांचं नाव घेतात. त्यांनी १९९०च्या दशकात बार्नेट शेलमध्ये ते जमवलं, हे खरंच. पण त्याआधी १९७६ पासून सरकारी पैशाने शेलवर संशोधन चाललं होतं आणि १९८० पासून अशा गॅसला करसवलतही मिळत होती. पाया जनतेच्या पैशाचा होता. आणखी एक गंमत म्हणजे याच मिचेल यांनी २०१२ मध्ये, वयाच्या नव्वदीत, फ्रॅकिंगवर कडक नियम हवेत असं जाहीरपणे सांगितलं. धंद्यातल्या बाकीच्यांनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

जमीन तुमच्या नावावर असताना गॅस दुसऱ्याचा कसा?

आपल्याकडे जमिनीखालचं तेल आणि वायू सरकारचं. इथे जमिनीचा मालकच खालच्या खनिजाचाही मालक असतो आणि ती दोन्ही त्याला वेगवेगळी विकता येतात. सातबारा एकाचा आणि जमिनीचं पोट दुसऱ्याचं, अशी ही पद्धत.

आम्ही घर घेतलं तेव्हा वकिलाने एका जुन्या खरेदीखताची झेरॉक्स पुढे सरकवली. टाइपरायटरची फिकट अक्षरं होती. त्यातल्या एका ओळीवर त्याने पेन्सिलीने रेघ ओढली: ‘तेल आणि वायू वगळून.’ शंभरेक वर्षांपूर्वी कुणा शेतकऱ्याने जमीन विकताना खालचं स्वतःकडे ठेवलं होतं. आता ते कुठल्या पणतवंडांकडे आहे कोण जाणे. वकील म्हणाला, ‘तुमच्या परसाखालून विहीर आडवी गेली तरी तुम्हाला छदाम मिळणार नाही. ट्रक मात्र तुमच्याच रस्त्याने जातील.’ ट्रक गेलेच. एका शनिवारी सकाळी सात ते नऊमध्ये मी चाळीस मोजले आणि मग नाद सोडला.

पण कंपन्या लोकांना रॉयल्टी देतात ना? मग कुरकुर कसली?

देतात, आणि काहींचं भलंही झालं आहे. ज्यांच्याकडे मोठी जमीन होती, खनिजाचा हक्क शाबूत होता आणि चांगला वकील करण्याची ऐपत होती, त्यांनी कर्ज फेडलं, नवं कोठार बांधलं. हे लपवण्यात अर्थ नाही.

पण करार कधी केला आणि कुणी केला, यावर सगळं ठरलं. सुरुवातीला कंपन्यांचे मध्यस्थ, ज्यांना इथे लँडमन म्हणतात, स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद पसरून बसायचे. ‘शेजाऱ्यांनी सही केली आहे, तुम्हीच राहिलात,’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ईशान्य पेनसिल्व्हेनियात डिमॉक नावाच्या गावी लोकांनी एकरी २५ डॉलरवर सह्या केल्या. दोन-चार वर्षांत भाव एकरी हजारो डॉलरवर गेला. माहिती एका बाजूला होती आणि पेन दुसऱ्या बाजूला.

मग कपाती. या राज्यात १९७९ चा कायदा आहे, त्यानुसार मालकाला किमान साडेबारा टक्के रॉयल्टी मिळालीच पाहिजे. कंपन्यांनी म्हटलं, गॅस साफ करायचा, दाबायचा, वाहून न्यायचा खर्च आधी वजा करू आणि उरलेल्यातले साडेबारा टक्के देऊ. २०१० मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने हे मान्य केलं. आमच्या ओळखीच्या एका शेतकरी आजोबांनी मला आलेला चेक दाखवला, चार डॉलर अकरा सेंटचा. सोबत कपातींचा तक्ता तीन पानी. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते हेच. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण आजोबांना अजून त्याच कंपनीशी व्यवहार करायचा आहे.

जमिनीच्या या शर्यतीतला सगळ्यात मोठा खेळाडू म्हणजे चेसापीक एनर्जी या गॅस कंपनीचे ऑब्री मॅकक्लेंडन. १ मार्च २०१६ रोजी अमेरिकेच्या न्याय खात्याने त्यांच्यावर आरोपपत्र ठेवलं: ओक्लाहोमात जमिनीच्या लिलावात प्रतिस्पर्ध्याशी संगनमत करून बोली पाडल्या. दुसऱ्याच दिवशी मोटार अपघातात ते गेले आणि खटला तिथेच संपला.

नळाला काडी लावली की पाणी पेटतं, हे खरं का?

काही घरांत खरं आहे. मात्र सगळीकडे तसं होत नाही, आणि काही भागांत मिथेन (या गॅसचा मुख्य घटक) खोदाईच्या आधीपासूनही बोअरमध्ये होता. कंपन्यांचे वकील याच वाक्यावर वर्षानुवर्षं खटले लढवतात. म्हणून डिमॉकची गोष्ट जरा सविस्तर सांगतो.

१ जानेवारी २००९ ला डिमॉकमध्ये एका घराच्या बोअरचा स्फोट झाला. वरची काँक्रीटची लादी फुटून उडाली. आजूबाजूला कॅबट ऑइल अँड गॅस या कंपनीच्या विहिरी नुकत्याच झाल्या होत्या. राज्याच्या पर्यावरण खात्याने तपास करून सांगितलं, विहिरींच्या सदोष बांधणीतून मिथेन लोकांच्या पाण्यात शिरला. २०१० मध्ये गावाच्या सुमारे नऊ चौरस मैलांत नव्या विहिरींवर बंदी आली. कंपनीने दोष कधीच कबूल केला नाही.

पुढे काय झालं? बऱ्याच कुटुंबांनी २०१२ मध्ये पैसे घेऊन तडजोड केली, आणि अशा तडजोडीत तोंड बंद ठेवण्याची अट असते. दोन कुटुंबं लढत राहिली. २०१६ मध्ये ज्युरीने त्यांना ४२ लाख डॉलरची भरपाई दिली. पुढच्या वर्षी न्यायाधीशांनी पुरावा अपुरा म्हणत निकाल रद्द केला. २०२० मध्ये राज्याचे ॲटर्नी जनरल, म्हणजे मुख्य कायदा अधिकारी, जॉश शपिरो यांनी कंपनीवर फौजदारी आरोप ठेवले. नोव्हेंबर २०२२ मध्ये कंपनीने, जी तोवर कोटेरा झाली होती, ‘आरोपाला विरोध करत नाही’ अशी भूमिका घेतली आणि गावाला नळाचं पाणी आणण्यासाठी सुमारे १.६ कोटी डॉलर देण्याचं मान्य केलं.

लोकांनी पेढे वाटायच्या बेतात असताना बातमी फुटली. राज्याच्या पर्यावरण खात्याने त्याच सुमारास गुपचूप करार करून बारा वर्षांची बंदी उठवली होती. कंपनी आता हद्दीबाहेर पॅड टाकून गावाखालून आडव्या विहिरी नेऊ शकत होती. आणि शपिरो त्याच महिन्यात गव्हर्नर म्हणून निवडून आले होते.

पिण्याच्या पाण्याचा कायदा नाही का?

आहे की. १९७४ चा सुरक्षित पेयजल कायदा. जमिनीत काहीही टोचायचं असेल तर परवाना घ्या, भूजल बिघडवणार नाही हे दाखवा, असं तो सांगतो. १९९७ मध्ये अलाबामातल्या एका खटल्यात केंद्रीय अपील न्यायालय म्हणालं, फ्रॅकिंगलाही हा कायदा लागू होतो.

पंचाईत झाली. मग २००१ साल उजाडलं. उपाध्यक्ष झाले डिक चेनी. आदल्या वर्षापर्यंत ते हॅलिबर्टनचे प्रमुख होते, आणि फ्रॅकिंगचं काम करून देणाऱ्या मोठ्या कंपन्यांत हॅलिबर्टन अग्रेसर. चेनींच्या अध्यक्षतेखाली ऊर्जा धोरणाचा गट बसला. तो कुणाकुणाला भेटला याची यादी द्यायला त्यांनी नकार दिला, सरकारी लेखापरीक्षक त्यासाठी कोर्टात गेले आणि हरले.

२००४ मध्ये केंद्रीय पर्यावरण संस्थेचा, म्हणजे ईपीएचा अहवाल आला. कोळशाच्या थरातल्या फ्रॅकिंगपासून पाण्याला फारसा धोका नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. ईपीएचेच अभियंते वेस्टन विल्सन यांनी जाहीर पत्र लिहिलं की हा निष्कर्ष शास्त्राला धरून नाही आणि तपासणी समितीतल्या बहुतेकांचे हितसंबंध याच उद्योगात आहेत. ऑगस्ट २००५ मध्ये ऊर्जा कायदा झाला. त्यात फ्रॅकिंगला सूट दिली असं ढोबळपणे म्हणतात, पण काम त्याहून सफाईदार होतं. ‘जमिनीत टोचणे’ या शब्दांची व्याख्याच बदलली: डिझेल वगळता, फ्रॅकिंगसाठी जे टोचलं जाईल ते टोचणं नव्हेच. या कलमाला लोक हॅलिबर्टनची पळवाट म्हणतात.

२०१५ मध्ये ईपीएने मसुदा काढला, पाण्यावर व्यापक परिणामाचा पुरावा नाही असं त्यात होतं. वर्तमानपत्रांनी तेवढंच छापलं. संस्थेच्याच शास्त्रीय सल्लागार मंडळाने हरकत घेतली, की हे वाक्य आकडेवारीवर टिकत नाही. डिसेंबर २०१६ च्या अंतिम अहवालातून ते वाक्य काढलं गेलं. काढल्याची बातमी मात्र कुणाच्या फारशी लक्षात नाही.

आजूबाजूला राहणाऱ्यांच्या तब्येतीचं काय?

पिट्सबर्ग विद्यापीठाने आमच्याच भागातल्या आठ काउंट्यांचा अभ्यास केला, निष्कर्ष ऑगस्ट २०२३ मध्ये आले. विहिरीपासून मैलभरात राहणाऱ्या मुलांमध्ये लिम्फोमा या दुर्मीळ कर्करोगाचं प्रमाण, जवळपास विहिरी नसलेल्या मुलांच्या तुलनेत, पाच ते सात पट आढळलं. गॅस निघत असलेल्या विहिरींजवळ दम्याचा तीव्र झटका येण्याची शक्यता चार-पाच पट. बालपणीच्या ल्युकेमियाशी संबंध सापडला नाही, तेही त्यांनी स्पष्ट लिहिलं. संबंध म्हणजे कारण नव्हे, हे मान्य. पण ज्याच्या घरात इनहेलर आहे त्याला हे ऐकवून बघा.

आमच्या राज्यात घरापासून गॅसविहिरीचं किमान अंतर ५०० फूट. २०२० मध्ये राज्याच्या ग्रँड ज्युरीने, म्हणजे नागरिकांच्या तपास मंडळाने, दोन वर्षं साक्षी घेऊन शिफारस केली की ते २,५०० फूट करा. उद्योगाचं म्हणणं, एवढं अंतर म्हणजे बंदीच. शिफारस कागदावर पडून राहिली.

आणि डॉक्टर? २०१२ च्या राज्य कायद्यात अशी तरतूद होती की रुग्णाच्या अंगावर कुठलं रसायन उडालं हे डॉक्टरला कळेल, पण ते ‘व्यापारी गुपित’ असेल तर गुप्ततेच्या कागदावर सही करून. म्हणजे औषध द्या, कारण बोलू नका. २०१६ मध्ये न्यायालयाने ही तरतूद रद्द केली.

गावाने ‘आम्हाला नको’ म्हटलं तर?

इथेच खरी मेख आहे.

टेक्सासमधलं डेंटन हे विद्यापीठाचं शहर. हद्दीत २७० हून जास्त गॅसविहिरी, काही घरांच्या कुंपणाला लागून. लोकांनी आधी नियम मागितले, ते जमेना तेव्हा नोव्हेंबर २०१४ मध्ये सार्वमत घेतलं. उद्योगाने विरोधी प्रचारावर बंदीवाल्यांच्या कित्येक पट पैसे ओतले. तरी ५९ टक्के लोकांनी फ्रॅकिंगबंदीला मत दिलं. लक्षात घ्या, हे टेक्सास आहे. तिथे गॅसला शिव्या घालणं म्हणजे कोल्हापुरात उसाला शिव्या घालणं.

सहा महिन्यांत, मे २०१५ मध्ये, गव्हर्नर ग्रेग ॲबट यांनी एका कायद्यावर सही केली. तेल-वायूचं नियमन फक्त राज्य करेल, शहरांना बंदी घालता येणार नाही. जूनमध्ये डेंटनच्या नगर परिषदेने आपलीच बंदी मागे घेतली. ‘स्थानिक लोकांचं राज्य’ हा ज्या रिपब्लिकन पक्षाचा आवडता मंत्र, त्याच पक्षाने हे केलं.

पेनसिल्व्हेनियात हाच डाव तीनेक वर्षं आधी पडला होता. गव्हर्नर टॉम कॉर्बेट यांनी २०१० च्या निवडणुकीत गॅस उद्योगाकडून दहा लाख डॉलरहून जास्त देणग्या घेतल्या होत्या. फेब्रुवारी २०१२ मध्ये त्यांनी ॲक्ट १३ वर सही केली. निवासी भागातही गॅसविहिरींना जागा द्यायची, टाउनशिपने, म्हणजे गावाच्या स्थानिक कारभाराने, अडवायचं नाही. आणि बाकीची गॅसराज्यं काढलेल्या गॅसवर कर लावतात तसा कर इथे नाहीच, विहिरीमागे एक ठरावीक शुल्क भरलं की झालं. तो कर आजही नाही.

सहा टाउनशिपा आणि एक छोटं गाव कोर्टात गेले, त्यातल्या बऱ्याच टाउनशिपा आमच्या परिसरातल्या. डिसेंबर २०१३ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने हे कलम उडवलं. आधार कसला? राज्यघटनेतल्या १९७१ च्या एका दुरुस्तीचा: शुद्ध हवा आणि शुद्ध पाणी हा लोकांचा हक्क आहे. चाळीस वर्षं ती शोभेची वस्तू समजली जात होती. मुख्य निकालपत्र लिहिणारे सरन्यायाधीश रोनाल्ड कॅस्टील स्वतः रिपब्लिकन. आमच्या टाउनशिपच्या सभेत आजही कुणी तो निकाल वाचून दाखवला की कंपनीचा माणूस घड्याळ बघायला लागतो.

पैसा नेमका कसा फिरतो? लाच देतात का?

लाच द्यायची गरजच काय, जर सरळ मार्गाने होत असेल तर?

टेक्सासमध्ये तेल-वायूवर देखरेख करणाऱ्या संस्थेचं नाव रेल्वे आयोग. रेल्वेशी संबंध २००५ मध्ये संपला, नाव तेच. तिचे तीन सदस्य लोकांतून निवडून येतात आणि ज्या कंपन्यांवर लक्ष ठेवायचं त्यांच्याच लोकांकडून निवडणुकीला देणग्या घेऊ शकतात. राज्यातल्या उमेदवाराला व्यक्तीने किती द्यावं यावर टेक्सासमध्ये मर्यादाच नाही. कुंपण शेत खातं म्हणतात, इथे शेतच कुंपण विकत घेतं.

फेब्रुवारी २०२१ मध्ये तिथे हिमवादळ आलं, वीज गेली, राज्याच्या अधिकृत आकड्यानुसार २४६ माणसं दगावली. गॅसच्या विहिरी आणि यंत्रं गोठली हे एक मोठं कारण. उरलेल्या गॅसचा भाव आभाळाला भिडला. डॅलसच्या एनर्जी ट्रान्सफर या पाइपलाइन कंपनीने त्या काही दिवसांत सुमारे २.४ अब्ज डॉलर कमावले. जूनमध्ये कंपनीचे अध्यक्ष केल्सी वॉरन यांनी गव्हर्नर ॲबट यांच्या प्रचाराला १० लाख डॉलर दिले. पूर्ण कायदेशीर देणगी. त्याच वर्षी थंडीपासून बंदोबस्ताचा कायदा झाला, पण त्यात फट राहिली: गॅस कंपनीने १५० डॉलर भरून अर्ज केला की ‘आम्ही अत्यावश्यक नाही’ म्हणता येईल. १५० डॉलर! राज्याच्या सिनेटमधले लोकच खवळले, तेव्हा आयोगाने नियम थोडा आवळला.

आणखी एक जोडी बघा. टेक्सासच्या सिस्को गावचे डॅन आणि फॅरिस विल्क्स, गवंड्याची मुलं. २००२ मध्ये फ्रॅकिंगची सेवा देणारी कंपनी काढली आणि २०११ मध्ये सिंगापूरच्या टेमासेकच्या नेतृत्वाखालील गटाला सुमारे ३.५ अब्ज डॉलरला हिस्सा विकला. २०१५ मध्ये टेड क्रूझ यांना अध्यक्षपद मिळावं म्हणून झटणाऱ्या गटाला या दोन कुटुंबांनी मिळून दीड कोटी डॉलर दिले. आयडाहोत १,७२,००० एकर जंगल घेतलं आणि लोक वर्षानुवर्षं वापरत होते त्या वाटांना फाटकं लावली. नऊ वर्षांच्या फ्रॅकिंगमधून एवढी ताकद येते. ज्याच्या नळाला मिथेन येतो तो माणूस आमदाराला फोन करतो तेव्हा त्याच्यासमोर ही ताकद उभी असते.

भूकंपाचं काय ऐकतो ते?

ते ओक्लाहोमाचं. खारट सांडपाणी खोल विहिरींत परत ढोसलं जायचं, त्याने जुने प्रस्तरभंग, म्हणजे खडकातल्या मोठ्या भेगा, सरकले. २०१५ मध्ये तिथे तीन रिश्टरच्या वरचे ९०० हून जास्त भूकंप झाले, कॅलिफोर्नियापेक्षा जास्त. राज्याच्या भूगर्भ संस्थेने कारण स्पष्ट शब्दांत मान्य करायला एप्रिल २०१५ उजाडला.

ही संस्था ओक्लाहोमा विद्यापीठात आहे. कॉन्टिनेंटल रिसोर्सेसचे अब्जाधीश हॅरॉल्ड हॅम हे विद्यापीठाचे मोठे देणगीदार, आणि विद्यापीठाचे अध्यक्ष हॅम यांच्या कंपनीच्या संचालक मंडळावर. २०१४ मध्ये एका अधिष्ठात्याने ईमेल लिहिली की हॅम भूकंपांच्या अहवालांवर फार नाराज आहेत आणि संस्थेतल्या काही लोकांना काढावं असं त्यांना वाटतं. ती ईमेल पुढे बाहेर आली. हॅम यांनी कुणाला काढायला सांगितल्याचा इन्कार केला.

श्रीमंतांच्या घराजवळ हे होतं का?

टेक्सासमधलं बार्टनव्हिल. घोड्यांचे तबेले आणि बंगले. तिथे १६० फुटी पाण्याची टाकी बांधायचं ठरलं, तेव्हा रहिवाशांनी दावा लावला. टाकीतलं पाणी फ्रॅकिंगला विकलं जाईल, ट्रकची वर्दळ आणि आवाज वाढेल, हाही एक मुद्दा. दावेदारांत एक नाव होतं रेक्स टिलरसन, तेव्हाचे एक्सॉनमोबिलचे प्रमुख. एक्सॉनने २०१० मध्ये एक्सटीओ ही गॅस कंपनी घेऊन अमेरिकेतला सगळ्यात मोठा गॅस उत्पादक व्हायचा मान मिळवला होता. साहेबांच्या वकिलाने खुलासा केला की त्यांना मुख्य काळजी मालमत्तेच्या किमतीची आहे, फ्रॅकिंगची नाही.

हे फक्त रिपब्लिकन करतात का?

नाही. २००५ च्या त्या कायद्याच्या बाजूने सिनेटर बराक ओबामांनीही मत दिलं होतं. पर्यावरणवाद्यांचं म्हणाल तर सिएरा क्लबने २००७ ते २०१० दरम्यान मॅकक्लेंडन आणि त्यांच्या कंपनीशी संबंधित लोकांकडून अडीच कोटी डॉलरहून जास्त घेतले, कोळशाविरुद्धच्या मोहिमेसाठी. नव्या संचालकाने ते थांबवलं. न्यूयॉर्कने मात्र डिसेंबर २०१४ मध्ये फ्रॅकिंग बंद केलं. मार्सेलस तिथेही आहेच, सीमा ओलांडली की तोच खडक. आणि २०२५ पासून देशाचे ऊर्जामंत्री आहेत क्रिस राइट, लिबर्टी एनर्जी या फ्रॅकिंग कंपनीचे संस्थापक.

पण गॅस कोळशापेक्षा स्वच्छ ना?

जाळताना, हो. पण वाटेत गळलेला मिथेन वीस वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशी पटींहून जास्त तापवतो. गळती किती, यावर सगळं गणित अवलंबून, आणि गळती मोजायचं काम बराच काळ गळवणाऱ्यांकडेच होतं.

महाराष्ट्राशी याचा काय संबंध?

चांगलाच. मार्च २०१८ मध्ये अमेरिकेहून गेल या भारतीय सरकारी गॅस कंपनीच्या दीर्घ मुदतीच्या करारातलं एलएनजीचं, म्हणजे द्रवरूप गॅसचं, पहिलं जहाज भारतात लागलं, ते रत्नागिरी जिल्ह्यात, दाभोळला. करार डिसेंबर २०११ चा: लुइझियानातल्या सबीन पासवरून वर्षाला ३५ लाख टन, वीस वर्षं. मेरिलँडच्या कोव्ह पॉइंटवरून आणखी २३ लाख टन. ते आमच्या मार्सेलसच्या जवळचं बंदर. रिलायन्सनेही २०१० मध्ये मार्सेलस आणि टेक्सासच्या ईगल फोर्ड शेलमध्ये हिस्से घेतले होते, २०२१ पर्यंत सगळे विकून मोकळी झाली.

आणि दाभोळ म्हटलं की एन्रॉन आलंच. १९९५ मध्ये त्यांच्या अधिकारी लिंडा पॉवर्स यांनी अमेरिकी काँग्रेससमोर सांगितलं होतं की भारतीयांच्या ‘शिक्षणावर’ कंपनीने २ कोटी डॉलर खर्च केले. गुहागर तालुक्यात विरोध करणाऱ्यांना पोलिसांच्या लाठ्या मिळाल्या, त्या शिक्षणाच्या कुठल्या इयत्तेत बसतात ते विचारू नका. प्रकल्प २००१ मध्ये बंद पडला. त्याच वर्षी जूनमध्ये वॉशिंग्टनला आलेल्या सोनिया गांधींकडे दाभोळच्या थकबाकीचा विषय कुणी काढला असेल? डिक चेनी. एन्रॉनचे लोक त्यांच्या ऊर्जा गटाला भेटून गेले होते. पाण्याच्या कायद्यातली ती व्याख्या बदलायची मागणीही त्याच काळात पुढे सरकत होती. दाभोळ प्रकल्पाच्या गावची, अंजनवेलची मंडळी आणि डिमॉकची मंडळी एकमेकांना कधी भेटली नाहीत, पण त्यांच्या फायली एकाच दालनातून फिरल्या.

आम्ही तिकडे घर घेतो आहोत. काय बघू?

खनिज हक्काचा शोध घ्यायला वकिलाला वेगळं सांगा. घराच्या नेहमीच्या शोधात तो येत नाही. बोअर असेल तर पाणी तपासा, कारण या राज्यात खासगी बोअरला राज्यस्तरावर कुठलेही मानक नाहीत आणि तीस लाखांवर लोक त्यावरच जगतात. तपासणी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून, मिथेन, क्लोराइड, बेरियम यांच्यासह करा आणि खोदाई सुरू होण्याआधी करा. गॅसविहिरीपासून २,५०० फुटांच्या आत आणि काम झाल्यापासून बारा महिन्यांत पाणी बिघडलं तर कायदा दोष कंपनीचा धरून चालतो. आधीच पाणी खराब होतं हे दाखवायची जबाबदारी तिची. म्हणून कंपनीचा माणूस नमुना फुकट घ्यायला स्वतःहून येतो. त्याला घेऊ द्या, पण त्याच दिवशी दुसरी बाटली आपली भरा आणि पावती जपून ठेवा. आमची फ्रिजवर चुंबकाने लावलेली आहे, बाजूला लेकीच्या शाळेचं वेळापत्रक.

लँडमन दारात आला तर चहा पाजा. सही मात्र त्या दिवशी करू नका, शेजाऱ्यांनी केली आहे असं तो म्हणाला तरी. शेजाऱ्यांना फोन करून विचारा. आमच्या रस्त्यावर विचारलं तेव्हा कळलं, एकानेही केली नव्हती.